घोट्यातली गळती आणि सातवी पायरी

गळती शोधण्यात माझा हात धरेल असा माणूस आमच्या पाणीपुरवठा खात्यात अजून जन्माला यायचाय! हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण एकवीस वर्षं वाट पाहिली, दुसरं कोणी सांगायला तयारच नाही.

आमची रीत अगदी सोपी. ज्या टाकीचा संशय असेल तिच्यात चिमूटभर हिरवी पूड टाकायची. पूड निरुपद्रवी, पोटात गेली तरी काही होत नाही. पण रंग असा भन्नाट, की एका चिमटीत अख्खी टाकी हिरवीगार! मग हाताची घडी घालून उभं राहायचं. कुणाच्या भिंतीवर, कुणाच्या मोरीत, कुणाच्या जिन्याखाली हिरवा ओघळ दिसला की झालं! तिथे गळती. या पुडीची एक चपटी डबी माझ्या खिशात कायम असते. लग्नाच्या दिवशीही होती. बायको अजून त्यावरून बोलते.

तर असा मी, आणि तीन आठवड्यांपूर्वी माझाच उजवा घोटा मुरगळला!

कसा मुरगळला, याची जगाला सांगितलेली हकीकत अशी. मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातली पाण्याची टाकी तपासायला मी ड्युटीवर गेलो होतो. बावीस पायऱ्या. मिट्ट काळोख. सातव्या पायरीचा कोपरा निखळलेला. पाय गेला, पाठोपाठ मी गेलो, पण हातातली मोजपट्टी सोडली नाही! तसाच लंगडत खाली उतरलो, टाकीचं झाकण, भिंती, जोड सगळं तपासलं, 'गळती नाही' असा दाखला लिहिला, आणि मगच कण्हलो.

बायकोने ही हकीकत आमच्या इमारतीत मजल्यामजल्यावर जाऊन सांगितली. "ह्यांचं कामावर एवढं प्रेम ना! पाय मोडला तरी टाकी आधी!" रोज दोन वेळा माझा घोटा गरम पाण्याने शेकत होती बिचारी. तीन आठवडे मी एक भांडं उचललं नाही.

आता खरं काय झालं ते सांगतो. पण हे आपल्यातच राहू द्या.

मी तळघरात गेलोच नव्हतो! तळघरं मला सोसत नाहीत हो. उंदीर असतात तिथे! एकवीस वर्षांत मी गच्चीवरच्या टाक्या पाहिल्या, रस्त्यातले नळ पाहिले, पण तळघर म्हटलं की मी रजा टाकतो. म्हणून त्या दिवशी हॉस्पिटलच्या स्टोअरकीपरच्या खोलीत पंख्याखाली बसून, त्याने दिलेली कॉफी पीत, मी दाखला लिहून टाकला. निघताना लॉबीत वजनाचा काटा दिसला. सहज चढलो. काट्याने जो आकडा दाखवला तो पाहून असा दचकलो, की मागच्या मागेच उतरलो. कट्! घोटा गेला. काट्याची उंची चार इंच.

आता तुम्हीच सांगा, चार इंचांवरून पडलो हे कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून पायऱ्या आल्या. आधी दहाच होत्या. घरी पोचेपर्यंत बावीस झाल्या.

आणि नेमकी त्याच वेळी खात्यात मुख्य निरीक्षकाची जागा रिकामी झाली! उमेदवार दोनच. एक मी, आणि दुसरा आमचा टॉर्च. हे त्याचं खरं नाव नव्हे, पण तो भर दुपारीसुद्धा हातात टॉर्च घेऊन फिरतो. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, आणि प्रश्न विचारायची भारी वाईट खोड.

"तुम्ही पायऱ्यांवरून गडगडलात ना?" एकदा सगळ्यांसमोर त्याने विचारलं. "मग कुठे खरचटलं कसं नाही?"

"सराव लागतो त्याला!" मी म्हणालो.

साहेबांचा मात्र माझ्यावर पूर्ण विश्वास. "ड्युटीवर एवढं सोसलंत, जागा तुमचीच," ते म्हणाले. "फक्त घोटा धड असल्याची डॉक्टरांची चिठ्ठी शनिवारपर्यंत आणा. लंगडा मुख्य निरीक्षक मला चालणार नाही."

साधा एक्स-रे काढला. हाडं ठणठणीत! पण पाय टेकला की कळ थेट मस्तकात. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आतला अस्थिबंध, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारी दोरी फाटली असेल तर साध्या फोटोत दिसत नाही. सांध्यात एक रंगद्रव्य सोडून फोटो काढावा लागेल. सांधा शाबूत असेल तर ते आतच राहील. फाटला असेल तर बाहेर झिरपेल."

मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो! कळ आली, तरी राहिलो. म्हणजे हे तर आमचंच काम! रंग सोडायचा आणि कुठून बाहेर येतो ते बघायचं! एवढी वर्षं शिकून हे लोक शेवटी आले कुठे? आमच्या खात्यात!

"अगं, उद्या मी त्यांना दोन गोष्टी शिकवूनच येतो," मी बायकोला सांगितलं.

"तुम्ही फक्त पाय द्या," बायको म्हणाली. "तोंड घरी ठेवा. आणि ती डबीही."

दोन्ही घेऊन गेलो.

हॉस्पिटल अर्थातच तेच. एक्स-रे विभाग तळमजल्यावर, लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला. बाकावर चार-पाच पेशंट मागे नाड्या असलेले ते झगे घालून बसले होते. त्यांत एक जाडजूड गृहस्थ हातात पांढऱ्या पातळ औषधाचा ग्लास घेऊन, घोट घोट पीत, तोंडं वाकडी करत होते. पोटाचा फोटो काढण्याआधी ते प्यावं लागतं म्हणे.

सिस्टरने फॉर्म भरून घेतला.

"काका, कसली ॲलर्जी?"

"उंदरांची."

"औषधांची विचारतेय, काका."

"औषधांची नाही. आणि काका म्हणू नका, मी अजून बढतीच्या वयाचा आहे!"

बायकोला बाहेर बसवलं आणि मला आत टेबलावर निजवलं. डॉक्टरीणबाई आल्या. वयाने लहान, पण हात एकदम सराईत. घोटा तपकिरी औषधाने पुसला, आधी बधिर करायची सुई दिली, मग पडद्यावर बघत बघत दुसरी सुई थेट सांध्यात सरकवली. मी मान उंचावून पाहत होतो. सिस्टरने सिरिंज पुढे केली.

सिरिंजमध्ये पाणी होतं! स्वच्छ, नितळ, बिनरंगाचं पाणी!

"मॅडम, थांबा!" मी ओरडलो. "रंग टाकायचा राहिला!"

"हलू नका. हाच तो कॉन्ट्रास्ट."

"अहो, हा कसला रंग? ह्यात तर आरपार दिसतंय!"

"डोळ्यांना दिसत नाही. एक्स-रेमध्ये पांढरा दिसतो."

असं आमच्या खात्यात कुणी बोललं असतं, तर त्याला मी त्याच दिवशी टपाल विभागात बसवलं असतं. डोळ्यांना न दिसणारा रंग! मी एकवीस वर्षं या धंद्यात आहे हो! नक्कीच सिस्टर पूड मिसळायला विसरली होती, आणि मॅडम आता तिची चूक झाकत होत्या. पण तोवर ते पाणी माझ्या सांध्यात गेलंही होतं.

"आता पाय जरा गोल फिरवा, खोलीत चार पावलं चाला, म्हणजे औषध आत सगळीकडे पसरेल," मॅडम म्हणाल्या. "मी पुढच्या पेशंटचा फॉर्म बघून आलेच. शांत राहा, बरं का!"

त्या गेल्या. मागोमाग सिस्टरही गेली.

मी चार पावलं चाललो. शांतही होतो. पण मनात एकच घोळत होतं. उद्या शनिवार. बिनरंगाच्या पाण्याने काढलेला फोटो चुकला, तर माझी चिठ्ठी गेली, चिठ्ठी गेली तर जागा गेली, आणि ती जागा त्या टॉर्चला! मी ठरवलं, मॅडमना खरा रंग दाखवायचा. अंगात टोचायचा नव्हे हो, एवढा वेडा नाही मी! नुसतं कपातल्या पाण्यात चिमूटभर टाकून दाखवायचं, की रंग म्हणतात तो ह्याला.

बेसिनपाशी उभा राहिलो. डबी काढली. झाकण घट्ट बसलेलं. नखाने उचकटलं, नाही. दातांनी धरलं, नाही. मग पोटाशी धरून, सगळा जीव एकवटून, असा एक हिसका दिला...

फट्!

सबंध डबी उडाली! निम्मी पूड बेसिनमध्ये, उरलेली खाली, माझ्या पायावर. आणि तो पाय नुकताच औषधाने पुसलेला, ओलाच होता. बघता बघता घोट्यापासून अंगठ्यापर्यंत माझा पाय हिरवा झाला. साधासुधा हिरवा नाही, पोपटी! चमकणारा!

एका चिमटीत एक टाकी. आणि बेसिनमध्ये अर्धी डबी! मी नळ पुरा सोडला आणि बेसिन घासायला लागलो. जितकं घासावं तितकं आणखी हिरवं. पण पाच-सात मिनिटांनी बेसिनमधलं सगळं पाणी खाली वाहून गेलं, आणि बेसिन पुन्हा पांढरं दिसायला लागलं. हुश्श केलं. जमिनीवरचं कागदाने पुसलं. राहिला पाय. तो बेसिनपर्यंत उचलायला गेलो तर तोल गेला, आणि मी दाराचा आधार घेतला. दार बाहेर उघडणारं निघालं.

व्हरांड्यात, बायकोच्या अगदी पुढ्यात, मी एका पायावर अवतरलो.

बायकोची नजर पायावर गेली.

"अगं बाई गं!" तिने असा हंबरडा फोडला, की बाकावरचे सगळे एकदम उभे राहिले. "बाहेर आला! सगळा रंग बाहेर आला! फुटलाय हो ह्यांचा घोटा आतून!"

"अगं, तसं नाही..."

"बोलू नका! हलू नका! आणखी गळेल!" तिने पर्समधला रुमाल काढून माझ्या घोट्याला करकचून बांधला. रुमाल हिरवा झाला. "थांबतच नाहीये हो! सिस्टर! धावा!"

खरं बोलण्याची ही उत्तम वेळ होती. पण खरं बोलायचं तर डबी आणलेली कबूल करावी लागणार, आणि डबी घरी ठेवा असं तिने बजावलं होतं! मी गप्प राहिलो. तेवढ्यात बाकावर गोंधळ उडाला.

"मला आज काढायचाच नाही फोटो!" एक म्हातारे गृहस्थ झगा सावरत निघाले.

"यांना पायात दिलं तर पाय हिरवा!" जाडजूड गृहस्थ हातातल्या ग्लासाकडे बघत ओरडले. "मी तर पांढरं प्यालोय, तेही पोटभर! मी सगळाच पांढरा होणार का हो?"

"शक्य आहे," असं दुसरं कुणीतरी म्हणालं, आणि ते गृहस्थ मटकन खालीच बसले.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. पायाकडे पाहिलं. वाकून पाहिलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. "पण... पण औषध बिनरंगाचं असतं!" त्या पुटपुटल्या. माझा जीव कळवळला हो! एवढी हुशार मुलगी, आणि माझ्यामुळे तिचा स्वतःच्या शिक्षणावरचा विश्वास उडत चालला होता.

"मॅडम," मी हळूच म्हणालो, "आधी फोटो काढा ना. आत काय दिसतं ते तरी बघा."

त्यांनी मला पुन्हा आत नेलं. पाय असा ठेवा, तसा ठेवा, खट, खट, सहा फोटो. "थोडं बसा बाहेर, नीट बघून सांगते," म्हणाल्या. मला वाटलं, निभावलं! वाहून गेलं ते गेलं, कुणाला पत्ता लागणार नाही.

तेवढ्यात व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी किंचाळलं.

पाण्याच्या कूलरपाशी एक बाई पेला हातात धरून उभ्या होत्या. पेल्यात पाणी होतं. हिरवंगार!

मग जे सुरू झालं ते काय सांगू! बाळंतपणाच्या विभागात नळ हिरवा. चौथ्या मजल्यावर हिरवा. कँटीनमधून एक माणूस हिरव्या चहाची किटली नाचवत आला. आणि सगळीकडे एकच बातमी पसरली, की एक्स-रे विभागात एका काकांचा घोटा फुटलाय आणि त्यांच्या अंगातला रंग सगळ्या हॉस्पिटलच्या नळांना येतोय! लोक मला बघायला यायला लागले. एकाने तर लांबून नमस्कार केला.

मी मात्र बसल्या जागी गार पडलो होतो. कारण हॉस्पिटलात ह्याचा अर्थ फक्त मलाच कळत होता. बेसिनमधून वाहून गेलेलं पाणी अर्ध्या तासात पिण्याच्या नळाला येतंय, याचा अर्थ काय? सांडपाण्याचा पाइप गळतोय, आणि गळतोय तो थेट पिण्याच्या टाकीत! म्हणजे तळघरातल्या टाकीत. ज्या टाकीचं झाकण, भिंती, जोड सगळं ठीक असल्याच्या दाखल्यावर सही माझी!

"पाणी बंद करा!" मी ओरडलो. "कुणी पिऊ नका! पंप थांबवा आधी!"

एवढं मात्र मी ताबडतोब केलं हो. खोटारडा असेन, पण पाण्याचा माणूस आहे.

स्टोअरकीपरने पंप बंद केला आणि आमच्या खात्याला फोन लावला. वीस मिनिटांत साहेब हजर! सोबत टॉर्च. त्याच्या हातात टॉर्च. पेटवलेला.

"तुम्ही इथेच आहात? वा!" साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "ही टाकी तुम्हीच तर तपासली होती. चला, वाट दाखवा."

"साहेब, माझा पाय..."

"जिद्द बघा," साहेब टॉर्चला म्हणाले. "पाय असा आहे, तरी येतोय."

मी येतो म्हणालोच नव्हतो. पण निघालो. मागे साहेब, त्यांच्या मागे टॉर्च, स्टोअरकीपर, डॉक्टरीणबाई, माझा दंड धरून बायको, आणि झगेवाल्यांची मिरवणूक. माझ्या उजव्या पायाचे पोपटी ठसे फरशीवर उमटत होते.

आता प्रश्न एकच होता. तळघराचं दार कुठे आहे?

मी एक दार आत्मविश्वासाने उघडलं. आत झाडू आणि बादल्या.

"दार बदललेलं दिसतंय," मी म्हणालो.

दुसरं उघडलं. आत चादरींचे ढीग.

"हे नवीन आहे."

तिसरं उघडलं. आत एक गृहस्थ होते. त्यांनी ते लगेच ओढून घेतलं.

"साहेब," टॉर्च शांतपणे म्हणाला, "स्टोअरकीपरना विचारू या का?"

स्टोअरकीपर माझ्याकडे बघत होता. त्या दिवशीची कॉफी त्यालाही आठवत असणार. त्याने व्हरांड्याच्या टोकाचं एक रुंद, दोन फळ्यांचं दार ढकललं आणि दिवा लावला.

समोर तळघर होतं.

आणि पायऱ्या नव्हत्या!

एकही नाही! गुळगुळीत, पसरट उतार होता. सामानाच्या गाड्या ढकलत न्यायला करतात तसा. त्यावरून एखादं रांगतं मूल आरामात खाली गेलं असतं.

टॉर्चने टॉर्चचा झोत उतारावरून सावकाश खाली नेला, सावकाश वर आणला. मग माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता हा विचारणार! पण त्याने नाही विचारलं. विचारलं ते बायकोने. अगदी हळू आवाजात.

"अहो, सातवी पायरी कुठली ह्यांतली?"

मी एकवीस वर्षांत शेकडो गळत्या पकडल्या असतील. पण पकडल्यावर भिंतीला काय वाटत असेल, ते मला त्या क्षणी कळलं. मला खरंच लाज वाटली हो. साहेबांची वाटली, त्याहून जास्त तिची. तीन आठवडे दोन वेळा पाणी तापवलं होतं तिने.

"नव्हतीच," मी म्हणालो. "मी खाली गेलोच नाही. उंदरांना भितो मी. वर कॉफी पीत सही केली. आणि पडलो ते लॉबीतल्या वजनाच्या काट्यावरून. आजचा हिरवा रंगही माझ्याच डबीतला. मॅडम, तुमचं औषध बिनरंगाचंच आहे. तुमचं शिक्षण बरोबर आहे."

"थँक यू," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला.

साहेबांनी टॉर्चला खाली जायची खूण केली. मग टॉर्च एकटाच खाली उतरला आणि खालून ओरडून सांगू लागला. टाकीचं झाकण फुटलेलं. बरोब्बर त्याच्यावर एक्स-रे विभागाचा सांडपाण्याचा पाइप, जोडातून धार लागलेली. "कित्येक महिन्यांची दिसतेय साहेब! हिरव्या रंगाने कळलं, नाहीतर कळलंच नसतं!"

मी लगेच साहेबांकडे आशेने पाहिलं. शेवटी गळती सापडली ती माझ्याच पुडीने, खरं की नाही? साहेबांनी मान फिरवली.

तेवढ्यात सिस्टर फोटोचं पाकीट घेऊन धावत आली. डॉक्टरीणबाईंनी फोटो दिव्यासमोर धरला. आत माझा घोटा, आणि सांध्यात पांढराशुभ्र, नेटका पट्टा.

"अभिनंदन!" त्या म्हणाल्या. "औषध एक थेंबही बाहेर गेलेलं नाही. काही फाटलेलं नाही. नुसती सूज आहे, आठवड्यात जाईल." आणि तिथल्या तिथे त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. घोटा धड आहे. जिने चढायला हरकत नाही.

शनिवारच्या आत मिळाली चिठ्ठी! मी ती साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी दोनदा वाचली.

"छान," ते म्हणाले. "मुख्य निरीक्षक टॉर्च. आणि तुमचा पाय इतका धड आहे, तर सोमवारपासून खात्याची सगळी तळघरं तुमच्याकडे. आधी हे."

ते निघून गेले. टॉर्च वर आला. मला वाटलं, आता हा टोमणा मारणार. त्याने हातातला टॉर्च माझ्या हातात ठेवला. "असू द्या तुमच्याकडे," म्हणाला. "उंदीर उजेडाला घाबरतात." त्या माणसाला मी इतकी वर्षं उगाच पाण्यात पाहिलं.

बायको तरातरा निघाली. ती पुढे, मी मागे, असे लॉबीत आलो. दरवाजापाशी ती थांबली. कोपऱ्यात तो काटा उभा होता.

"हाच?"

"हाच."

"चढा."

"अगं, आता कशाला..."

"चढा म्हणते ना!"

चढलो. एक पाय हिरवा, एक बिनरंगाचा. काटा फिरला, डुगडुगला, थांबला. बायकोने वाकून आकडा वाचला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा आकडा वाचला. तिचे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं रडतेय.

पण ती हसत होती! भिंतीला टेकून, पोट धरून, पदराने डोळे पुसत हसत होती. लॉबीतले सगळे लोक बघत होते. मीही तसाच काट्यावर उभा. मग कशीबशी सावरून ती पुढे आली आणि तिने हात दिला.

"जपून उतरा हो," ती म्हणाली. "सातवी पायरी आहे."

खोटं कशाला सांगू? तिला दोन्ही हातांनी धरूनच उतरलो. आणि आकडा विचाराल, तर तो माझ्या हिरव्या ठशाखाली गेला, मला नीटसा दिसला नाही.